ब्लाझीचं फाटक

गुरुवारी सकाळी ब्लाझी फिंक माझ्या स्वयंपाकघरात शिरला तो चिखलाच्या बुटांसकट. ब्लाझी म्हणजे चर्चमध्ये जातानासुद्धा पायपुसण्यावर सात वेळा पाय घासणारा माणूस. मी काही बोलायच्या आतच तो शेगडीजवळच्या बाकावर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला,

"बुर्गी, खरं सांग. तेवीस वर्षांत मी तुला कधी चुकीचं वाक्य दिलं?"

"कधीच नाही."

"उशिरा दिलं?"

"अरे, कधीकधी तर मी अडकायच्या आधीच द्यायचास. काय झालंय?"

"एक कालवड कमी आहे," तो म्हणाला, आणि टोपी उलटी करून तिच्या आत बघू लागला, जशी काही ती तिथेच असेल.

आमच्या खोऱ्यात या वाक्याला काय वजन आहे ते सांगायला हवं. उन्हाळ्याचे शंभर दिवस गावातल्या सगळ्या कालवडी डोंगरावरच्या कुरणात असतात आणि सप्टेंबरात एका शनिवारी त्या वाजतगाजत खाली उतरतात. उन्हाळाभरात एकही जनावर दगावलं नसेल, हरवलं नसेल, तर सर्वांत पुढच्या कालवडीच्या डोक्यावर मोठा मुकुट चढतो. देवदाराच्या डहाळ्या, रानफुलं, रेशमी फिती आणि मधोमध नजर परतवणारा छोटा आरसा. एक जरी कमी असेल तर मुकुट नाही. नुसत्या घंटा बांधून, मान खाली घालून गुराखी गावात शिरतो, आणि बँडवालेसुद्धा जरा हळू वाजवतात. ब्लाझीचा हा चाळिसावा उन्हाळा, आणि शेवटचा. गुडघे संपले होते. पुढच्या वर्षी त्याचं श्योनएगचं कुरण दुसऱ्याच्या हाती जाणार होतं. उतरण दोन दिवसांवर आली होती.

आणि हिवाळ्यात? हिवाळ्यात ब्लाझी आमच्या नाटकमंडळीचा प्रॉम्प्टर होता. 'सोनेरी हरीण' खानावळीच्या मागच्या दिवाणखान्यात आमचा रंगमंच. त्याच्या पुढच्या कडेला खाली एक खळगा, वर लाकडी टोपलं, आत एक दिवा, एक स्टूल आणि ब्लाझी. गावाने त्याचा चेहरा कधी रंगमंचावर पाहिला नाही. मी मात्र पायांच्या उंचीवर तेवीस हिवाळे पाहिला. मी राणी झाले, मोलकरीण झाले, दोनदा विधवा आणि एकदा चेटकीण झाले, आणि या प्रत्येक बाईचं अर्धं आयुष्य ब्लाझीच्या ओठांवर होतं. वाक्य विसरलं की त्या खळग्यातून श्वासाइतका आवाज यायचा. प्रयोग संपल्यावर आम्ही सगळे नट एकच खोटं बोलायचो, "मला येत होतं हं, ब्लाझी!" तो मान हलवायचा. "हो तर. येतच होतं."

अशा माणसाला आता मंगळवार आठवत नव्हता.

मी त्याच्यापुढे राय-पावाचे काप आणि लोणी ठेवलं. त्याने लोणी पावाऐवजी बशीला लावलं.

"नीट सांग, पहिल्यापासून," मी म्हटलं.

"मंगळवारी सकाळी चौसष्ट. बुधवारी सकाळी त्रेसष्ट. अफ्राची गोगलगाय नाही."

गोगलगाय हे त्या कालवडीचं नाव. अफ्रा हासलाख या माझ्या शेजारणीने ते ठेवलं, कारण जन्मल्यापासून ती कालवड कुठेही शेवटी पोचायची. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात तसला प्रकार निघाला हा, पण ते पुढे.

"कुंपण?"

"अख्खं. हाताने चाचपत फिरलो."

"फाटक?"

इथे ब्लाझीचा चेहरा असा झाला की मला खाली वाकून त्याला वाक्य द्यावंसं वाटलं.

"फाटक बंद होतं. तेच तर! ते उघडं सापडलं असतं तर मी म्हटलं असतं, ब्लाझी गाढवा, तू विसरलास. पण बंद. मग ती गेली कुठून? आणि मला आठवतंय की मी ते लावलं. कडी गार होती, हाताला लागली. आणि मला हेही आठवतंय की मी ते लावलं नाही. दोन्ही आठवतंय, बुर्गी! दोन्ही अगदी लख्ख!"

हे फाटक खडीच्या रस्त्यावर आहे. ब्लाझीच्या आजोबांच्या पिढीने दगड फोडून केलेला हा रस्ता गावातून निघतो, श्योनएगच्या कुरणातून जातो, फाटकापलीकडे शेजारच्या कुरणात शिरतो आणि तीन टेकड्या वळसे घेत तळ्यापर्यंत उतरतो. खाली आडवा दांडा आहे. जंगलखातं आणि शेतकरी सोडून कुणाची गाडी वर येत नाही. पूर्वी दिवसाला एक माणूस दिसला तरी ब्लाझी रात्री जेवताना त्याच्याबद्दल बोलायचा. गेल्या सहा-सात वर्षांत मात्र सायकलवाले येऊ लागले. जाड टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखं वाकडं हँडल, गुडघ्यापर्यंत धूळ. शहरात मोटारींच्या मध्ये जीव मुठीत धरून चालवणारी ही माणसं आमच्या खडीवर आली की लहान मुलांसारखी ओरडतात. ब्लाझी त्यांच्यावर खेकसायचा आणि वसंतात त्यांच्यासाठीच फावडं घेऊन खड्डे बुजवायचा. कुणी विचारलं, "पुढे गाड्या लागतात का?" की तो टोपी मागे सारून सुरू व्हायचा: "वीज पडलेल्या मॅपलपाशी डावीकडे बघायचं नाही, बघितलंस तर जाशील. पत्र्याच्या कोठारानंतर खडी बारीक होते, तिथे ब्रेक दाबू नकोस. तीन तास एक गाडी भेटणार नाही. भेटली तर ती माझी, आणि ती बंद पडलेली असेल."

त्याच्या हातची पाटीही होती फाटकावर, लाल रंगात: 'फाटक लाव! तुझंच काम आहे. मागचा लावणार नाही. ब्लाझी.' आमच्याकडे हजार मीटरच्या वर कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही. खाली डॉक्टरसाहेब असलेला माणूस वर नुसता डॉक्टर होतो, त्यामुळे पाटीवरचं ते दरडावणं कुणाला लागायचं नाही.

"बुधवारी शोधलं ना सगळीकडे?" मी विचारलं.

"दिवसभर. ओढ्याची घळ, वरचे कडे, सगळं. वेन्डेलिनपण आला होता मदतीला. बिचारा कमरेइतक्या पाण्यात उतरला."

वेन्डेलिन म्हणजे शेजारच्या कुरणाचा गुराखी. गुराखी काय, निवृत्त पोस्टमन. बत्तीस वर्षं पत्रं वाटून झाल्यावर यंदा पहिल्यांदाच चाळीस कालवडी घेऊन वर गेलेला. गावाने त्याची टर उडवायचं एकही निमित्त सोडलं नव्हतं. 'गुरांना तिकीट लावतोस का?' वगैरे.

"त्याच्याकडे गेली नसेल?"

"विचारलं ना. सगळं ठीक का म्हटलं. ठीक म्हणाला."

"किती आहेत ते विचारलंस?"

ब्लाझीने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी प्रयोग चालू असताना प्रेक्षकांत कुणाला तरी हात केला. "गुराख्याला आकडा विचारतात होय? तो उद्या मला माझा विचारेल!"

खरं होतं. आमच्याकडे गुराख्याला त्याचा आकडा विचारणं म्हणजे तुला मोजता येत नाही असं तोंडावर म्हणणं. मीही गप्प बसले. मला त्या वेळी ते सुचायला हवं होतं, पण रीत ही अशी चीज असते की तिच्यामागे काही लपलंय हे दिसत नाही.

पाव तसाच राहिला. ब्लाझी उठला आणि दाराशी थांबून म्हणाला, "गुडघे जाणारच होते. पण हे..." आणि त्याने बोटाने कपाळावर टकटक केलं. "हे गेलं असेल तर मी कोण?"

मुकुटाचं दुःख त्याला होतंच. पण खरी भीती ती होती, आणि ती मला ओळखीची होती. माझ्या शेवटच्या प्रयोगात मी एकाच प्रवेशात चार वेळा अडकले होते.

"थांब," मी म्हटलं. "मंगळवारची तालीम करू."

"काय?"

"तालीम. जागेवर. तू मंगळवारी जिथे उभा होतास तिथे उभा राहायचं, जे हातात होतं ते हातात घ्यायचं. वाक्य डोक्यातून जातं, ब्लाझी, पायांतून जात नाही. हे तूच मला सांगितलं होतंस."

"मी?"

"तूच."

"मला आठवत नाही," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो, पण बरं वाटून नव्हे.

त्याच्या जुन्या ट्रॅक्टरवर, मागच्या फळीवर उशी टाकून, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मी श्योनएगला गेले. वाटेत अफ्रा भेटली. ती ट्रॅक्टरवर चढून माझ्या शेजारी बसली. तिच्याकडे दोनच कालवडी, त्यातली एक नाहीशी. आणि तरी ब्लाझी दिसला की तीच नजर चुकवत होती, त्याला लाज वाटू नये म्हणून.

फाटकापाशी मी दिग्दर्शक झाले. "मंगळवार. दुपारचे बारा. पडदा वर. कुठून येतोस?"

ब्लाझी आधी नुसता उभा राहिला. मग झोपडीकडे गेला आणि मिठाचा डबा घेऊन बाहेर आला. हा जुना पत्र्याचा डबा, आत खडे मीठ. तो हलवला की खळ्ळ खळ्ळ आवाज होतो आणि चौसष्ट माना एकदम वर होतात. सप्टेंबरात वरचा झरा आटतो, म्हणून दुपारी तासभर फाटक उघडायचं, कालवडींनी पलीकडच्या सामाईक हौदावर पाणी प्यायचं आणि मग डबा वाजवून त्यांना परत घ्यायचं, असा दोन्ही कुरणांचा जुना करार.

"फाटक उघडलं," ब्लाझी म्हणाला आणि उघडलं. कालवडी गेल्या, प्यायल्या. त्याने डबा वाजवला, त्या आल्या. "आत आल्या. सगळ्या. मी इथे उभा होतो. मोजल्या. चौसष्ट."

"म्हणजे तेव्हा गोगलगाय होती?" अफ्राने विचारलं.

"होती. सर्वांत शेवटी. नेहमीसारखी." त्याचा हात फाटकाकडे गेला आणि मध्येच थांबला. बोटं हवेतच राहिली. "डहाळ्या..."

"कसल्या डहाळ्या?" मी हळूच विचारलं.

"मुकुटाच्या. पाण्यात घातल्या होत्या बादलीत, आणि बादली उन्हात. मला वाटलं, सुकतील. म्हटलं, आधी बादली सावलीत..." तो वळला आणि झोपडीकडे चालायला लागला. फाटक त्याच्यामागे सताड उघडं. चार पावलं, पाच पावलं. मग तो थांबला, मागे न बघता.

"नाही लावलं," तो म्हणाला. "बुर्गी, मी नाही लावलं."

वाऱ्याने फाटक थोडं कुरकुरलं.

"पण परत आलास तेव्हा?"

"तेव्हा बंद होतं. मी कडीला हात लावून बघितलं. गार होती." तो मागे वळला. तोंड उघडंच. "म्हणजे ते आठवतंय ते हे. पण मग लावलं कुणी? कालवडीने? जाताना मागे वळून?"

तेवढ्यात वरच्या वळणावरून आवाज आला. खळ्ळ खळ्ळ, खळ्ळ खळ्ळ. मी ब्लाझीच्या हाताकडे पाहिलं. डबा स्थिर होता.

त्रेसष्ट माना एकदम वर झाल्या.

वळणावरून एक बाई सायकलवर आली. पन्नाशीची, धुळीने माखलेली, सीटच्या मागे हत्यारांचा पत्र्याचा डबा बांधलेला, आणि खडीवर तो अस्सा वाजत होता की आंधळ्याने मीठ मागावं. तिच्यामागे ब्लाझीचा सगळा कळप निघाला होता. पळत नव्हत्या त्या. निष्ठेने चालत होत्या.

"नको! नको गं बायांनो!" ती ओरडत होती. "माझ्याकडे काही नाहीये! केळंसुद्धा संपलंय!"

ब्लाझीने फाटक लावलं. दोन्ही हातांनी, आणि मग पुन्हा एकदा कडी हलवून पाहिली. बाई आमच्यासमोर धापा टाकत थांबली. पाटीवरच्या नावावरून तिला ब्लाझी कोण ते कळलं असावं.

"तू ब्लाझी ना? अरे, तुझा रस्ता म्हणजे... मी इर्मेला. ऑग्सबर्गला दातांचा दवाखाना आहे माझा. आठवडाभर 'सोनेरी हरीण'मध्ये उतरलेय आणि तिसऱ्यांदा इथून जातेय. तीन तासांत एक गाडी नाही! पण तुझ्या गायी माझ्या मागे का लागतात रे? मंगळवारीपण एक लागली होती."

"मंगळवारी?" आम्ही तिघं एकदम म्हणालो. नाटकात कोरसला तीन आठवडे घासूनही असं एकदम जमत नाही.

"हो. तपकिरी, फार सावकाश. बाकीच्यांनी नाद सोडला, हिने नाही. मी फाटकातून बाहेर पडले, ती पण माझ्यामागून बाहेर पडली."

"आणि फाटक?" ब्लाझीचा आवाज खळग्यातल्यासारखा आला.

"लावलं ना! इतकं मोठं लिहिलंयस. मी मुद्दाम उतरून लावलं. आमच्या दोघींच्या मागे."

"दोघींच्या मागे," ब्लाझी म्हणाला.

"मला वाटलं ती घरी चाललीय. इतक्या आत्मविश्वासाने चालत होती! मी म्हटलं, इथल्या गायींना रस्ते माहीत असतील. पत्र्याच्या कोठारापर्यंत बरोबर होतो आम्ही. मग मी तळ्याकडे वळले आणि ती कुरणातल्या बाकीच्या गायींकडे." ती आमच्या चेहऱ्यांकडे बघायला लागली. "काही चुकलं का माझं?"

ब्लाझी पाटीसमोर गेला आणि स्वतःचीच अक्षरं एक एक करून वाचली. "नाही," तो म्हणाला. "तू लिहिलं तसंच केलंस. पण मग मी कशात चुकलो? उघडं ठेवण्यात, की लाव म्हणून लिहिण्यात? मी पाटी लिहिली नसती तर ती परत आली असती. मी फाटक लावलं असतं तर ती गेली नसती. मला काही कळेनासं झालंय."

"बाकीच्या गायींकडे," अफ्रा म्हणाली. ती आमच्यातली सर्वांत कमी बोलणारी आणि म्हणून सर्वांत आधी समजणारी. "म्हणजे वेन्डेलिनकडे."

"पण तो ठीक म्हणाला!"

"चल," अफ्रा म्हणाली.

वेन्डेलिनने मंगळवारी संध्याकाळीच आपला कळप कोठारामागच्या वाड्यात आणून ठेवला होता, घंटा बांधायला. आम्ही पोचलो तेव्हा तो वाड्याच्या मधोमध उभा होता, हातात फळी आणि खडू. फळीवर पाच-पाचांच्या रेघांचे गठ्ठे, पुसलेले, पुन्हा काढलेले, पुन्हा पुसलेले. आम्हाला बघून त्याने फळी पाठीमागे घेतली.

"वेन्डेलिन," ब्लाझी म्हणाला. मग थांबला. चाळीस वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं ते विचारायचं होतं. "वेन्डेलिन, माझी एक कमी आहे. माझा आकडा चौसष्ट आणि आहेत त्रेसष्ट. झालं, सांगितला मी माझा. आता तुझा... तू... तुला हवा असेल तर..."

वेन्डेलिन मटकन हौदाच्या काठावर बसला.

"एक्केचाळीस!" तो म्हणाला, जवळजवळ रडत. "मी चाळीस आणल्या आणि एक्केचाळीस होतात! उत्तरेकडून मोजल्या, दक्षिणेकडून मोजल्या. पोस्टात बत्तीस वर्षांत एक पाकीट जास्त निघालं नाही! म्हटलं, खाली जाऊन सांगू काय? कमी आलं तर दुर्दैव म्हणतात, जास्त आलं तर? चोर म्हणतील, नाहीतर पोस्टमनला मोजता येत नाही म्हणतील."

"आणि काल माझ्याबरोबर घळीत उतरून दिवसभर काय शोधत होतास मग?"

"तुझी कालवड!"

"अरे, ती तुझ्याकडे होती!"

"मला काय माहीत ती तुझी? सगळ्या तपकिरी! ह्या तपकिरी आणि त्या तपकिरी! तू मला विचारलंस, ठीक का? मी म्हटलं ठीक. एक जास्त म्हणजे ठीकच ना? कमी तर नाही!"

इर्मेला हसायला लागली, मग आम्हाला बघून थांबली, मग अफ्रा हसायला लागली तेव्हा पुन्हा सुरू झाली. ब्लाझीने डबा वाजवला. एक्केचाळीस माना वर झाल्या. चाळीस जणी धावत आल्या आणि सर्वांत शेवटी, कुणाचं काही देणं लागत नसल्यासारखी, गोगलगाय.

अफ्राने तिच्या कानातला चिखलाने माखलेला बिल्ला पुसून बघितला, मग कान चोळला, मग जरा वेळ तोंड तिच्या मानेत घातलं.

ब्लाझी मात्र हसला नाही. परतताना फाटकापाशी तो म्हणाला, "मुकुट नको. फाटक मी उघडं टाकलं, आणि मला आठवत नव्हतं. हरवली म्हणजे हरवलीच."

"कालवड कुणाची?" अफ्राने विचारलं.

"तुझी."

"मग हरवली की नाही ते मी सांगेन. ती शेजारी दोन रात्री पाहुणी गेली होती. वेन्डेलिनने जेवूखाऊ घातलं. पाहुणी गेलेली पोर हरवली म्हणतात का? मुकुट घाल, ब्लाझी. डहाळ्यांसाठी एवढा घोळ घातलास, त्या तरी वाया जाऊ नयेत."

ब्लाझीने माझ्याकडे पाहिलं. मी काही वाक्य दिलं नाही. काही जागा नटाने स्वतःच भरायच्या असतात.

शुक्रवारी त्याने पाटी रंगवली. 'फाटक जसं सापडेल तसं ठेव.' इर्मेला शेजारी उभी राहून रंगाचा डबा धरत होती. "आणि पुढे जाऊन कसं सापडलं होतं ते विसरले तर?" तिने विचारलं. ब्लाझी ब्रश हातात धरून खूप वेळ विचार करत राहिला. शेवटी त्याने खाली बारीक अक्षरांत लिहिलं, 'विसरलीस तर झोपडीत येऊन विचार.' मग त्याच्या लक्षात आलं की पुढच्या वर्षी झोपडीत तो नसणार. ते त्याने तसंच ठेवलं.

शनिवारी ऊन पडलं. बँड चर्चजवळ उभा होता, आणि रस्त्याच्या वरच्या टोकाला आधी घंटा ऐकू आल्या, मग धूळ दिसली, मग धुळीत आरसा चमकला. मुकुट! माझ्या शेजारच्या बायकांनी रुमाल काढले. मागून वेन्डेलिनही आला, त्याच्याही कालवडीला मुकुट, आणि तो ओठ हलवत अजूनही मोजतच होता.

चौकात सरपंच उभे असतात. गुराख्याने त्यांच्यासमोर थांबून, टोपी काढून, सगळ्या गावासमोर आकडा सांगायचा. गेल्या किती, आल्या किती. ब्लाझी थांबला. टोपी काढली. बँड थांबला.

"गेल्या..." ब्लाझी म्हणाला.

आणि गप्प झाला.

मला ती शांतता ठाऊक आहे. समोर चेहरेच चेहरे, आणि डोक्यात पांढरी भिंत. त्याची नजर कळपावर गेली, वेन्डेलिनच्या कळपावर गेली, परत आली. चौसष्ट, त्रेसष्ट, चाळीस, एक्केचाळीस. तीन दिवसांतले सगळे आकडे त्याच्या डोळ्यांत एकमेकांना ढकलत होते. मी पहिल्या रांगेत होते, त्याच्यापासून चार हात. मी सरपंचांकडे बघत राहिले, चेहरा हलू दिला नाही, आणि श्वासाइतक्या आवाजात म्हटलं,

"चौसष्ट."

"गेल्या चौसष्ट," ब्लाझी खणखणीत म्हणाला, "आल्या चौसष्ट!"

टाळ्या, बँड, घंटा, सगळं एकदम. त्या गोंधळात तो माझ्या शेजारून गेला. गोगलगाय सर्वांत मागे होती, त्यामुळे त्याला थांबायला क्षणभर वेळ मिळाला. टोपी डोक्यावर बसवत तो खाली वाकला.

"मला येत होतं हं, बुर्गी."

"हो तर," मी म्हटलं. "येतच होतं."